समासातल्या 'हाउ?'ला उत्तर: शॉर्ट फिल्मचं विश्लेषण कसं लिहावं

गेल्या वर्षी भाचीच्या असाइनमेंटचा मसुदा माझ्या हाती आला, तेव्हा त्यात 'इफेक्टिव्हली' हा शब्द अकरा वेळा होता. क्लोजअप इफेक्टिव्हली वापरलाय, संगीत इफेक्टिव्हली येतं, प्रकाशयोजना तर व्हेरी इफेक्टिव्ह. तिच्या बाईंनी समासात प्रत्येक ठिकाणी लाल पेनानं एकच शब्द लिहिला होता: हाउ?

"मामा, आता हाउ म्हणजे काय लिहू? दिसतंय ना ते!"

दिसत होतं खरं. पण जे दिसत होतं ते तिनं कुठेच लिहिलं नव्हतं, नुसती शाबासकी दिली होती. त्या रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सेव-उसळ खात तिच्याबरोबर जे केलं, तेच इथे सविस्तर लिहितो. बारावीनंतर मास मीडिया, डिझाइन, साहित्य असं काही घेतलेल्या आणि हातात पहिलंच 'फिल्म अॅनालिसिस' पडलेल्या मुलांसाठी हे आहे.

आधी प्रश्न वाचा, मग फिल्म निवडा

बहुतेक मुलं उलटं करतात. आवडती फिल्म ठरवतात आणि मग प्रश्न तिला कसाबसा बसवतात. प्रश्नात 'दोन तंत्रं' म्हटलं असेल तर दोनच घ्यायची. 'एका प्रसंगात' म्हटलं असेल तर अख्ख्या फिल्मची गोष्ट सांगत बसायचं नाही.

शॉर्ट फिल्म म्हणजे किती शॉर्ट? ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतची फिल्म बसते. तुम्ही मात्र पाच ते दहा मिनिटांचीच घ्या. दोन हजार शब्दांत अर्ध्या तासाची फिल्म धरायला गेलात, तर कशालाच नीट हात लागत नाही. आणि माझा एक हट्ट ऐका. फार आवडलेल्या फिल्मपेक्षा जिच्यात एखादी जागा खटकली, 'हे असं का केलं असेल?' असं वाटून गेलं, ती घ्या. तो खटका पुढे कामाला येतो.

उदाहरणासाठी मी एक फिल्म कल्पून घेतो. शोधू नका, सापडणार नाही. सात मिनिटांची आहे. दांडिया बाजारातला जुना वाडा विकला गेलाय आणि आजींची त्यातली ही शेवटची सकाळ. पहिला शॉट माजघरातून आहे. आत अंधार, समोर दाराच्या चौकटीत लख्ख रस्ता, उंबरठ्यावर पाठमोऱ्या आजी. कॅमेरा जमिनीलगत आणि स्थिर, शॉट 26 सेकंदांचा. मग नातू टेंपो घेऊन येतो. दोघं झोपाळ्यावर बसून बोलतात, कड्या कुरकुरत असतात. मग सामानाची बांधाबांध होते, माणसं झोपाळा उतरवून नेतात. शेवटच्या शॉटमध्ये पुन्हा तीच चौकट आहे, पण उंबरठ्यावर कुणी नाही. दार बंद होतं, पडदा काळा होतो आणि त्या काळोखात झोपाळ्याची कुरकुर तीनदा ऐकू येते.

फिल्म तीनदा पाहा, तीन प्रकारे

पहिल्यांदा वही-पेन बाजूला ठेवून पाहा. झाल्याबरोबर मावशीला फोनवर सांगाल तशी चार वाक्यं लिहून काढा: काय वाटलं, कुठे वाटलं, कुठे कंटाळा आला. ही वाक्यं घरच्या भाषेत लिहा. भाची असाइनमेंट इंग्रजीत लिहिते, मैत्रिणींशी गुजरातीत बोलते आणि चिडली की मराठीत चिडते. तिच्या फिल्मवरचं तिचं पहिलं टिपण इंग्रजीत होतं, तेव्हा त्यात 'मेलंकोलिक अॅटमॉस्फियर' होतं. मराठीत लिही म्हटल्यावर 'दार लागलं तेव्हा पोटात कसंतरी झालं' असं आलं. दुसऱ्या वाक्यात निदान जागा तरी कळते.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. चित्र एकटं किती बोलतं ते कळेल. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. हे तिसरं कुणी करत नाही, आणि खजिना नेमका तिथेच असतो.

शॉट-लिस्ट: कंटाळवाणी, पण टाळू नका

शॉट म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा सलग तुकडा. आता वही आखा किंवा एक्सेल उघडा. रकाने एवढे पुरेत: शॉट क्रमांक, कुठून कुठपर्यंत (मिनिट-सेकंद), शॉटचा आकार (दुरून, मधून की जवळून), कॅमेऱ्याची जागा आणि हालचाल, फ्रेममध्ये काय आहे, काय ऐकू येतं, पुढच्या शॉटवर कसं जातो. शेवटी एक रिकामा रकाना 'खटकलं' असा ठेवा.

यूट्यूबवर पाहत असाल तर के दाबला की फिल्म थांबते, जे आणि एल दहा-दहा सेकंद मागे-पुढे नेतात. थांबलेल्या फिल्ममध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा एकेक फ्रेम सरकवतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे जायला ई आहे, आणि शिफ्ट-एस दाबलं की त्या फ्रेमचं चित्र साठवलं जातं. हे मोबाइलवर करू नका, लॅपटॉप नसेल तर मैत्रिणीचा मागा. पन्नासेक शॉटच्या फिल्मला अडीच-तीन तास जातात.

मग मोजा. आमच्या फिल्ममध्ये 420 सेकंदांत 52 शॉट आहेत, म्हणजे सरासरी आठ सेकंदांचा एक. नुसत्या सरासरीला काही अर्थ नाही, ती कुठे मोडते ते बघायचं. पहिल्या मिनिटात फक्त तीन शॉट आहेत. बांधाबांधीच्या 50 सेकंदांत 20 आहेत, म्हणजे अडीच सेकंदांना एक. आणि शेवटचा एकटाच 38 सेकंदांचा. आता तुम्ही 'एडिटिंगचा वेग बदलतो' असं मोघम लिहिणार नाही. आजींचा वेळ आणि टेंपोवाल्यांचा वेळ वेगळा चालतो, हे तुम्हाला आकड्यांनिशी म्हणता येईल.

बदलून पाहा

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. कुठल्याही शॉटसमोर बसून विचारायचं: हा दुसऱ्या तऱ्हेनं घेतला असता तर काय गेलं असतं?

आपला पहिला शॉट घ्या. कॅमेरा रस्त्यावरून असता तर? आजींचा चेहरा दिसला असता, मागे वाड्याचा दर्शनी भाग आला असता, चित्र देखणं झालं असतं. पण मग आपण रस्त्यावरून जाणारे परके झालो असतो. कॅमेरा आत आहे म्हणून आपण घराच्या बाजूला आहोत. आजी आपल्याकडे पाठ करून बाहेर बघतायत आणि घर त्यांच्याकडे बघतंय. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असता तर? मग उभ्या माणसाची नजर झाली असती. तो जमिनीलगत आहे, पाटावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. बघा, 'हाउ?'चं उत्तर आपोआप तयार झालं, 'इफेक्टिव्ह' म्हणायची गरजही पडली नाही.

तंत्र स्वतःसाठी नसतं, त्याच्याकडून काहीतरी काम करून घ्यायचं असतं. हे समजायला आपल्याच गावाशी नातं असलेल्या माणसाकडे जाऊ. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले, आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे तिथे. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर रोज एकेक फ्रेम घेत गेले, आणि पडद्यावर साधारण मिनिटाभरात रोप वाढताना दिसलं. इथे 'टाइमलॅप्सचा सुंदर वापर' लिहून हाती काय लागतं? बदलून पाहा. कॅमेरा सलग चालवला असता तर कुंडीत काहीच घडलं नसतं. महिना मिनिटात दाबला म्हणून डोळ्याला कधीच न दिसणारी हालचाल दिसली. शिवाय ज्यांच्याकडून भांडवल उभं करायचं होतं त्यांना हे यंत्र काय करू शकतं तेही दिसलं.

कशाकडे बघायचं

*फ्रेम.* फ्रेममधल्या कोणत्या जागेकडे डोळा आधी जातो आणि का, हे शिकायला फिल्मची गरजही नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर दहा मिनिटं उभे राहा. प्रकाश कुणाच्या चेहऱ्यावर आहे, कोण कुणाकडे बघतंय, कुणाचा हात कुठे नेतोय, काय कडेला कापलं गेलंय. हेच प्रश्न फिल्मच्या थांबवलेल्या फ्रेमला विचारायचे. आमच्या फिल्मच्या मध्यावर एका शॉटमध्ये नातू पूर्ण फ्रेममध्ये आहे आणि आजींचा फक्त झोपाळ्याच्या कडीवरचा हात दिसतो. एवढ्या एका निरीक्षणावर परिच्छेद उभा राहतो.

*रंग.* इथे मुलं घसरतात. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पांढरा म्हणजे निरागसता, असा तक्ता कुठूनतरी मिळालेला असतो. अशाच एका फिल्ममधल्या आजींच्या पांढऱ्या पातळात निरागसता शोधणारा मसुदा मी वाचलाय. रंगाचा अर्थ त्या फिल्ममधून आणि त्या माणसांच्या रिवाजातून काढा. आणि एखादा रंग परत येत नसेल, बदलत नसेल, तर त्याला सोडून द्या.

*कॅमेरा.* आकार (लाँग, मिड, क्लोजअप), कोन, हालचाल आणि लेन्स. लेन्सचा नंबर ओळखायची गरज नाही. मागची भिंत अंगावर आल्यासारखी वाटते की दूर पळाल्यासारखी, एवढं बघा. लांब लेन्स मागचं जवळ ओढते, वाइड लेन्स अंतर ताणते. हलणारा कॅमेरा असेल तर तो कुणामागे निघाला आणि कधी थांबला ते लिहा. बहुतेकदा थांबण्यात जास्त सांगितलेलं असतं.

*एडिटिंग.* 1920च्या सुमारास रशियात लेव कुलेशोव्हनं एक प्रयोग केला. नटाच्या चेहऱ्याचा तोच शॉट कधी सूपच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी, कधी एका स्त्रीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी दुःखी वाटला. आमच्या फिल्ममध्ये शॉट 38 आजींचा चेहरा आहे, त्यावर काहीच भाव नाही. शॉट 39 आहे छताचा, झोपाळा काढल्यावर तुळईत उरलेले नुसते हूक. 'आजींच्या चेहऱ्यावर दुःख दिसतं' असं लिहिलंत तर चूक ठरेल. दुःख त्या दोन शॉटच्या जोडात आहे, आणि जोड हेच तर एडिटिंग.

आता खटक्याविषयी. दोन माणसं बोलत असताना कॅमेरा त्यांच्यामधल्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा असा नियम आहे, त्याला 180 अंशांचा नियम म्हणतात. रेषा ओलांडली की डावीकडचा माणूस अचानक उजवीकडे येतो. झोपाळ्यावरच्या संभाषणात नातू म्हणतो, "सह्या झाल्या, आजी," आणि नेमकी तिथेच रेषा ओलांडली जाते. ही चूक की युक्ती? विद्यार्थ्यांच्या आणि कमी पैशांतल्या फिल्ममध्ये हा प्रश्न नेहमी पडतो. माझा साधा निकष असा: अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच आणि तीही कळीच्या वाक्यावर झाली असेल, तर जाणूनबुजून केली असं धरून लिहा. इतरत्रही कारणाशिवाय तीन-चारदा झाली असेल तर ती गफलत आहे, तिला तत्त्वज्ञान चिकटवू नका. शॉट-लिस्टचा रकाना इथे वाचवतो.

*आवाज.* इथे जरा थांबू, कारण मार्क इथे पडलेले असतात आणि कुणी उचलत नाही. आधी दोन ढीग करा. एकात कथेतल्या माणसांना ऐकू येणारे आवाज: बोलणं, रिक्षा, कुकरची शिट्टी. दुसऱ्यात फक्त आपल्याला ऐकू येणारे: पार्श्वसंगीत, निवेदन. मग प्रत्येक आवाजाला विचारा, तुझा उगम फ्रेममध्ये दिसतोय का? पहिल्या शॉटमध्ये भाजीवाल्याची 'बटाका, डुंगळी' अशी आरोळी येते, पण तो दिसत नाही. दाराच्या पलीकडे एक गुजराती गल्ली आहे, तिच्यात हे मराठी घर आहे आणि आजी दोघांच्या मधोमध उंबरठ्यावर आहेत. एवढं सगळं एका न दिसणाऱ्या माणसाच्या दोन शब्दांनी सांगितलं.

आता कुरकुर बघा. पहिल्यांदा झोपाळा दिसतो तेव्हा ती ऐकू येते. साधी गोष्ट. बांधाबांधीत झोपाळा उतरवतात तेव्हा ती थांबते, आणि थांबल्यावरच ती इतका वेळ चालू होती हे जाणवतं. शेवटी काळ्या पडद्यावर ती परत येते, पण झोपाळा तर टेंपोत गेलाय. मग हा आवाज कोणत्या ढिगात टाकायचा? कथेतला म्हणावा तर उगम उरला नाही, कथेबाहेरचा म्हणावा तर आपण तो कथेतच ऐकलाय. आजींची आठवण? घराची? की आता ते आपल्याच कानात बसलंय? तुमचा निबंध या प्रश्नावर उभा राहू शकतो. उत्तर एकच नसेल तर तसं लिहा, मात्र कोणतं उत्तर तुम्हाला जास्त पटतं आणि कशावरून, तेही सांगा.

मुद्दा ठरवा, बाकीचं टाकून द्या

इतकं जमवल्यावर सगळंच लिहावंसं वाटतं. लिहू नका. सगळ्या टिपणांतून दोन, फार तर तीन जागा निवडा, आणि त्या एका वाक्यात बांधता येतात का ते बघा. आमच्या फिल्मसाठी मी असं बांधीन: 'घर रिकामं होताना चित्रातून माणसं आणि वस्तू कमी होत जातात, पण आवाज त्यांची जागा धरून ठेवतो, त्यामुळे शेवटची रिकामी चौकट रिकामी वाटत नाही.' यात पहिला शॉट येतो, हुकांचा शॉट येतो, काळा पडदा येतो. रेषा ओलांडण्याचा मुद्दा मात्र बसत नाही. कितीही आवडला असला तरी तो गेला. भाचीला तिच्या फिल्ममधला असाच एक मुद्दा सोडणं फार जड गेलं.

मुद्द्याच्या वाक्याची एक परीक्षा आहे. ते वाचून कुणी "मला नाही तसं वाटत" म्हणू शकतं का? 'दिग्दर्शकानं विविध तंत्रं वापरली आहेत' याला कोण नाही म्हणेल? म्हणजे त्यात मुद्दाच नाही.

परिच्छेद

'इफेक्टिव्ह'वाला परिच्छेद असा असतो: 'शेवटच्या दृश्यात दिग्दर्शकानं साउंडचा इफेक्टिव्ह वापर करून आजींच्या भावना प्रेक्षकांपर्यंत पोहोचवल्या आहेत.'

आणि हा बघा: 'शेवटचा शॉट (6:22 ते 7:00) पहिल्या शॉटचीच चौकट परत आणतो: तीच उंची, तोच अंधार, फक्त उंबरठा रिकामा. दार बंद झाल्यावर चित्र संपतं, पण झोपाळ्याची कुरकुर तीनदा ऐकू येते. हा झोपाळा आपण बाहेर नेलेला पाहिलाय, त्यामुळे या आवाजाला आता उगम नाही. इथे करुण संगीत घातलं असतं तर काय वाटायचं ते आपल्याला सांगितलं गेलं असतं. त्याऐवजी जी वस्तू नाही तिचा आवाज ऐकवून फिल्म ती उणीव आपल्यालाच भरायला लावते.'

क्रम बघा: कुठे आहे, काय आहे, आधीच्या कशाशी जोडलेलं आहे, दुसरं काय करता आलं असतं, म्हणून काय होतं. प्रत्येक परिच्छेद याच साच्यात घातला तर वाचणारा कंटाळेल. एखादा 'बदलून पाहा'पासून सुरू करा, एखादा आकड्यापासून.

'दिग्दर्शकाला असं म्हणायचं आहे' हे वाक्य शक्यतो टाळा. त्याच्या मनात काय होतं ते त्याच्या मुलाखतीत असेल तर अवतरण द्या, नाहीतर 'फिल्ममध्ये असं होतं' म्हणा. आणि कथानक चार ओळींत संपवा. बाईंनी फिल्म पाहिलेली आहे.

किरकोळ, पण मार्क कापणारं

प्रत्येक निरीक्षणाला मिनिट-सेकंद द्या. थांबवलेल्या फ्रेमची चित्रं लावायची तर तीन-चारच, आणि मजकुरात जिचा उल्लेख आहे तीच. खाली फिल्मचं नाव, दिग्दर्शक, वर्ष आणि वेळ लिहा. समीक्षेसाठी कृतीतला भाग वापरायला 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात सवलत आहे, पण श्रेय द्यायलाच हवं. इंटरनेटवरचं परीक्षण तुमची शॉट-लिस्ट पूर्ण होईपर्यंत उघडू नका. एकदा दुसऱ्याचं वाचलं की तेच दिसायला लागतं. जमा करण्याच्या आदल्या दिवशी मसुदा मोठ्यानं वाचा आणि समोर फिल्म लावून सगळ्या वेळा तपासा. भाचीच्या शॉट-लिस्टमध्ये शॉट 41 आणि 42 यांची अदलाबदल झाली होती, रात्री साडेअकराला सापडली.

अगदी शेवटी फाइंडमध्ये 'इफेक्टिव्ह' टाइप करा. भाचीच्या दुसऱ्या मसुद्यात दोन सापडले. एक तिनं काढला. दुसरा दिग्दर्शकाच्या मुलाखतीतल्या अवतरणात होता, तो ठेवावाच लागला.